ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल: बॅरल उघडण्याआधी हे वाचा

कळंबोली, तळोजा, उरण आणि घोडबंदर पट्ट्यातल्या आमच्या ग्राहकांसाठी

काउंटरवर सगळ्यात जास्त येणारी मागणी म्हणजे "लाल ऑइल द्या". लाल हा नुसता रंग आहे. गळती कुठली ते चटकन ओळखता यावं म्हणून तो ऑइलमध्ये मिसळतात. पॉवर स्टिअरिंगचं, मोटारीच्या गिअरबॉक्सचं आणि ट्रकच्या ऑटोमॅटिकचं, तिन्ही ऑइलं लाल असू शकतात. म्हणून आम्ही आधी विचारतो ते गिअरबॉक्सचं नाव आणि मॉडेल.

क्लच पेडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक, असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं. पण त्यात दोन जाती आहेत. एएमटीमध्ये (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) आतले गिअर मॅन्युअलसारखेच असतात आणि क्लच कोरडा असतो. क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम तेवढं कॉम्प्युटर करतो. व्होल्वोचा आय-शिफ्ट किंवा झेडएफचा एएस-ट्रॉनिक या जातीचे. त्यांना निर्मात्याने सांगितलेलं गिअर ऑइलच लागतं. खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, उदाहरणार्थ अ‍ॅलिसनमध्ये, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे देणारा भाग) असतो आणि क्लचच्या प्लेटा ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. त्यात गिअर ऑइल गेलं तर प्लेटांची पकड बिघडते. ही अदलाबदल सगळ्यात महागात पडते, म्हणून एवढं तरी पक्कं करूनच दुकानात या.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये ऑइलला वंगणाखेरीज बरीच कामं असतात. इंजिनाची ताकद पुढे तेच नेतं, दाब देऊन क्लच तेच बसवतं, उष्णता तेच कूलरपर्यंत वाहून नेतं. प्लेट बसताना किती सरकावी आणि कधी घट्ट धरावी हेसुद्धा ऑइलमधल्या रसायनांवर ठरतं. ती रसायनं संपली की गिअर झटक्याने पडतो किंवा गाडी चढावर इंजिन फिरवते आणि पुढे जात नाही. उष्णता ती लवकर संपवते. ऑइलचं तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की ते खराब होण्याचा वेग अंदाजे दुप्पट होतो. अ‍ॅलिसनच्या चेंबरमधलं ऑइल ७० ते ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास असावं. १२१ ही वरची हद्द. न्हावा-शेव्यात कंटेनर ओढणारा टर्मिनल ट्रॅक्टर आणि दर दोन इमारतींपाशी थांबणारा कचऱ्याचा कॉम्पॅक्टर यांचे किलोमीटर कमी भरतात, पण ऑइल तापतं जास्त. अशा गाडीला ऑइल तासांवर बदला. रिटार्डर (ऑइलच्या जोरावर गाडीचा वेग रोखणारा गिअरबॉक्सचा भाग) असेल तर घाट उतरताना त्याच्या ब्रेकिंगची उष्णताही ऑइलमध्येच जाते, हेही धरा.

आता डब्यावर काय वाचायचं. अ‍ॅलिसनच्या रस्त्यावरच्या गिअरबॉक्ससाठी टीईएस-६६८ हे आजचं सिंथेटिक मानक आहे; ते टीईएस-२९५ च्या जागी आलं आणि जुन्या गिअरबॉक्सलाही चालतं. टीईएस-३८९ हे त्याखालचं, लवकर बदलायचं ऑइल. झेडएफच्या ऑटोमॅटिकला टीई-एमएल १४ किंवा २० ची यादी बघायची, वर्गाच्या अक्षरासकट, कारण बदलण्याची मुदत त्या अक्षरावर ठरते. डब्यावर मान्यता क्रमांक छापलेला हवा. "साठी योग्य" एवढंच लिहिलेलं असेल तर तो विक्रेत्याचा दावा झाला, गिअरबॉक्सच्या निर्मात्याची मान्यता नव्हे.

डेक्सरॉन-३ बद्दल, म्हणजे जनरल मोटर्सच्या जुन्या ऑटोमॅटिक ऑइलच्या मानकाबद्दल, रोज विचारणा होते. जनरल मोटर्सने त्याचे परवाने २००६ अखेर बंद केले. त्यामुळे आज ते नाव छापलेल्या डब्यामागे जनरल मोटर्सची तपासणी उभी नाही. काही मालात दर्जा असतो, काहीत नसतो, आणि बाहेरून ते कळत नाही. डेक्सरॉन-६ मोटारींसाठी आहे आणि मुद्दाम पातळ केलेलं आहे: १०० अंशांवर त्याचा घट्टपणा ६.४ सेंटिस्टोकच्या वर जाऊ देत नाहीत. ट्रकच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते घालू नका.

सिंथेटिक महाग आहे, मान्य. तरी बंदरातल्या गाडीला, कॉम्पॅक्टरला आणि रिटार्डरवाल्या गाडीला आम्ही दुसरं काही सुचवत नाही. मुदत लांबते आणि गाडी उभी राहायचे दिवस वाचतात. गाडी हलकी आणि कमी चालणारी असेल, आणि पुस्तकात परवानगी असेल, तर टीईएस-३८९ घेऊन वेळेवर बदलणं हाही प्रामाणिक मार्ग आहे.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ड्रेन केलं की सगळं ऑइल निघालं असं होत नाही. कन्व्हर्टर आणि कूलरच्या पाइपांत बरंच उरतं. साध्या ऑइलवरून पहिल्यांदाच सिंथेटिकवर आलात तर आत मिश्रण असतं, म्हणून पुढची बदली साध्या ऑइलच्या मुदतीने करा. फिल्टर प्रत्येक वेळी नवा.

पातळी बघताना गाडी सपाट जागी, पार्किंग ब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये, इंजिन आयडलवर आणि ऑइल गरम हवं. नव्या अ‍ॅलिसनच्या बटणांच्या सिलेक्टरवर वर-खालचे दोन्ही बाण एकदम दाबा आणि दोनेक मिनिटं थांबा. "लो" किंवा "हाय"पुढचा आकडा क्वार्टमध्ये असतो, आणि १ क्वार्ट म्हणजे लिटरला थोडं कमी. जास्त भरलं तरी बरं, असं इथे चालत नाही. फिरणारे गिअर ऑइल घुसळून फेस करतात आणि कमी ऑइलच्याच तक्रारी सुरू होतात.

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर दुसऱ्याच दिवशी डिपस्टिक बघा आणि ब्रीदर (गिअरबॉक्सची हवा खेळती ठेवणारं छिद्र) साफ करा. ऑइल दुधट गुलाबी दिसलं तर गाडी चालवू नका. पाणी ब्रीदरमधून आलं असेल, किंवा कूलर फुटून रेडिएटरचं कूलंट मिसळलं असेल. कूलंटमधलं ग्लायकॉल क्लचच्या प्लेटांचं अस्तर सोडवतं. तिथे नुसतं ऑइल बदलून भागत नाही, गिअरबॉक्स उघडावाच लागतो. करपट वास आला तरी आधी आम्हाला दाखवा, मग नवं ऑइल घ्या.

येताना गिअरबॉक्सवरच्या नावाच्या प्लेटचा मोबाइलवर फोटो आणा; मॉडेल आणि सिरियल नंबर स्पष्ट दिसू द्या. सोबत मागच्या बदलीची तारीख, तास आणि स्वच्छ बाटलीत थोडं जुनं ऑइल आणलंत तर उत्तम. जुनं ऑइल गटारात किंवा खाडीत सोडू नका. बॅरलमध्ये साठवून परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्या आणि त्याची पावती ठेवा.