अर्ध्या रक्ताच्या गाईला वळू कोणता?

गाय माजावर आली, सोट (माजाचा चिकट स्राव) दिसला की आज फोन डॉक्टरांना जातो. तासाभरात मोटरसायकलच्या मागे बांधलेला नायट्रोजनचा डबा दारात येतो. उणे १९६ अंशांतून चिमट्याने वळूच्या गोठवलेल्या वीर्याची एक कांडी वर निघते, कोमट पाण्यात अर्धा मिनिट राहते, पुसली जाते. तिच्यावर जात, वळूचा नंबर, तारीख सगळे छापलेले असते, पण अक्षरे इतकी बारीक की गोठ्यातल्या मिणमिणत्या बल्बखाली ती वाचायच्या फंदात कुणी पडत नाही. मालक विचारतो, "कुठली आहे?" उत्तर येते, "एचएफ. चांगली आहे." (एचएफ म्हणजे होल्स्टिन फ्रिजियन, दुधाची विदेशी जात.) काम उरकते आणि रिकामी कांडी छपराच्या पाचटात खोचली जाते. गोठ्यात पुढची दहा वर्षे काय उभे राहणार, हे एवढ्या बोलण्यात ठरते. ते इतक्या थोडक्यात ठरायला कसे लागले, त्याचा हा मागोवा.

पूर्वी वळू निवडायचा तो बैलासाठी. घरचे दूध बहुधा म्हशीचे. गाय ठेवायची ती खोंड देते म्हणून. खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ या महाराष्ट्रातल्या देशी जातींची ओळख इथे नव्याने करून द्यायला नको. सांगायचे एवढेच, की दर मुलखाची पारख वेगळी होती. आटपाडी-म्हसवडकडचा माणूस शिंगांची ठेवण, खुराचा काळेपणा आणि पायातली चपळाई बघे. अकोले-इगतपुरीकडे धो-धो पावसात उभे राहणारे तेलकट कातडीचे जनावर लागे. देवणीवाल्यांची वानेरा, बालंक्या, शेवरा अशी अंगावरच्या ठिपक्यांवरून भांडणे चालत, अजूनही चालतात. वळूच्या आईच्या दुधाची चौकशी होई, पण वासराला पुरते का, एवढ्यापुरतीच. कुणाच्या नावाने सोडलेला पोळ गावभर फिरे आणि बाकीची खोंडे बडवून बैल होत. १९३३ मध्ये मुंबई इलाख्यात वळूंना परवाना लावणारा आणि निकृष्ट खोंडे खच्ची करण्याचा अधिकार देणारा कायदा आला. पण देवाच्या नावाने सोडलेल्या पोळाला हात लावणार कोण?

पहिल्या पंचवार्षिक योजनेत निवडक गावांमध्ये चांगले वळू आणि कृत्रिम रेतन पोचवायला सुरुवात झाली. तोवरचा सरकारी विचार देशी जात देशी वळूनेच सुधारावी असा होता. साठच्या दशकात तो पालटला. शहरांना दूध हवे होते आणि निवडीने देशी गाय सुधारायला पिढ्या लागणार होत्या. १९७० मध्ये दूध महापूर योजना सुरू झाली, पुणे जिल्ह्यातल्या एका संस्थेने रेतनाची सेवा थेट शेतकऱ्याच्या दारात नेली आणि १९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगाच्या अहवालाने संकराला पाठबळ दिले. गोठवलेल्या कांडीने उरलेले काम केले: वळू आता गावात असण्याची गरज उरली नाही. त्याबरोबर त्याला चारी बाजूंनी फिरून बघण्याची सोयही गेली.

कागदावरचा नियम साधा होता. जातिवंत गाईला तिच्याच जातीचा वळू, गावठी गाईला जर्सी किंवा होल्स्टिन. पण गावठी कोण? दाखला नसलेली, शिंग जरा वाकडे निघालेली खिल्लार गाय नोंदवहीत सहज गावठी झाली. (बोलीभाषेने याहून मोठा गोंधळ घातला. खेड्यात कुठल्याही संकरित गाईला सर्रास जर्सी म्हणतात, मग ती काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची होल्स्टिनची लेक का असेना. बाजारात जर्सी म्हणून घेतलेल्या गाईत जर्सीचा थेंबही नसणे ही रोजची गोष्ट.)

पहिल्या पिढीने सगळ्यांना खूश केले. दोन-तीन लिटरवर असलेल्या गाईची कालवड आठ-दहा लिटरला गेली, वर्षभर आधी विली आणि आईचा काटकपणाही तिच्यात बऱ्यापैकी उतरला. या पिढीत निम्मे रक्त विदेशी असते, आणि दोन लांबच्या जाती एकत्र आल्याचा जो जोम मिळतो तो याच पिढीत पुरेपूर मिळतो. खरा प्रश्न ही कालवड पहिल्यांदा माजावर आली तेव्हा उभा राहिला: हिला आता कोणता वळू?

वाटा तीन होत्या. पुन्हा शुद्ध होल्स्टिन दिला तर पुढची लेक ७५ टक्क्यांची, तिची लेक साडेसत्याऐंशीची. देशी वळू दिला तर लेक २५ टक्क्यांवर येते, आणि कमावलेले दूध घालवायला कुठलाही शेतकरी तयार नव्हता. तिसरी वाट म्हणजे अर्ध्या रक्ताचाच वळू. त्यात टक्का ५० वर टिकतो, पण जोम निम्म्यावर येतो आणि लेकींचा काही भरवसा नाही. एक आईसारखी निघते, दुसरी आजीसारखी. तज्ज्ञांनी मधला आकडा धरला: ५० ते ६२.५, त्यापुढे नको. ६२.५ हे औषधाच्या मात्रेसारखे वाटते, पण हिशोब सरळ आहे. ७५ टक्क्यांच्या गाईला ५० टक्क्यांचा वळू दिला की लेक साडेबासष्टची.

म्हणजे नियम पाळायचा तर संकरित वळू हवाच, आणि तो साधा नको, पारखलेला हवा. वळूची पारख लेकींच्या दुधावरून होते. त्या जन्मायच्या, वाढायच्या, व्यायच्या, एक वेत पुरे द्यायच्या, यात पाच-सहा वर्षे जातात. शिवाय त्या लेकी तीन-तीन गाईंच्या शेकडो गोठ्यांत विखुरलेल्या, आणि दुधाचा हिशोब डेअरीच्या चिठ्ठीत, तोही सगळ्या गाईंचा एकत्र. राहुरीच्या कृषी विद्यापीठात गीर, जर्सी आणि होल्स्टिन मिळून फुले त्रिवेणी तयार झाली: निम्मे होल्स्टिन, पाव जर्सी, पाव गीर. लष्करी दुग्धशाळांनी साहिवालवर होल्स्टिन घेऊन पाच-अष्टमांश रक्ताची फ्रीजवाल स्थिर करायचे काम हाती घेतले; २०१७ मध्ये त्या दुग्धशाळाच बंद करायचा निर्णय झाला. कामे चांगली होती. पण शेतकऱ्याच्या दारात आलेल्या डब्यात बहुतेक वेळा शुद्ध होल्स्टिनची कांडी होती, कारण तीच मुबलक होती. मर्यादा घालणाऱ्यांनी ती पाळण्याचे साधन दिले नाही, आणि नंतर दोष मात्र शेतकऱ्याच्या हावेला दिला. हे मला आजही पटत नाही.

पंचाहत्तरच्या पुढच्या गाई काय करतात हे एप्रिलमध्ये दिसते. दुपारी जीभ बाहेर काढून धापा टाकतात, वैरणीला तोंड लावत नाहीत. गोचीड ताप, दगडी (कासेचा दाह), तीन-तीन कांड्यांनंतरही गाभ न राहता उलटणे. उसाच्या पट्ट्यात, मुरघास (हवाबंद मुरवलेला चारा) आणि फॉगर (पाण्याचे तुषार उडवणारे यंत्र) असलेल्या मुक्त गोठ्यात याच गाई पंचवीस लिटर देतात, हेही खरे. तिथे त्यांना नावे ठेवायचे कारण नाही. कोरड्या तालुक्यात तीच कांडी वापरली गेली, हा मुद्दा आहे.

खोंडांचे काय करायचे, हे संकराच्या आराखड्यात कुणी फारसे मांडलेच नव्हते. संकरित गोऱ्ह्याचे वशिंड नावापुरते असते, जू नीट टेकत नाही आणि उन्हात तो लवकर बसतो. ट्रॅक्टर आल्यावर गरजही संपली. २०१५ च्या राज्याच्या कायद्याने बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा नर वासराची किंमत शून्याखाली गेली: ते पोसायचे किंवा गुपचूप सोडून द्यायचे. लिंग-वर्गीकृत कांडीचा, ज्यातून दहातली नऊ वासरे कालवडी निघतात, एवढा गाजावाजा त्यामुळेच. खिल्लारचे उलटे झाले. बैलगाडा शर्यतीवर २०१४ मध्ये बंदी आली तशी खोंडांची बाजारपेठ आटली. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळताच जातिवंत वळूसमोर गाईंची रांग पुन्हा लागली. तिथे अजून वळू डोळ्यांनी बघून निवडतात, आणि पळणाऱ्या बैलाचा बाप कोण हे पोराटोरांना पाठ असते.

दुधाच्या दराचाही वळूवर परिणाम होतो. दर ३.५ टक्के फॅट (स्निग्धांश) आणि ८.५ टक्के एसएनएफवर (स्निग्धांश सोडून उरलेल्या घन भागावर) बांधलेला. होल्स्टिनचा टक्का वाढला की फॅट खाली घसरते. मग मध्येच जर्सीची एक कांडी भरून पुढची कालवड सावरायची, असा उपाय गोठ्यात आपोआप रुळला.

२०१४ च्या डिसेंबरात देशी गोवंशासाठी केंद्राची मोहीम सुरू झाली आणि देशी गाईचे म्हणून विकल्या जाणाऱ्या एटू दुधाने शहरात भाव खाल्ला. आता मागणी गीरच्या कांडीची. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात संकरित व विदेशी जनावरे पाच कोटींवर गेली होती, देशी सुमारे १४ कोटी २० लाखांवर आली होती, तेव्हा काळजी खोटी नव्हती. पण गीर सौराष्ट्राची. डांगी गाईला गीरचा वळू दिला की वासरू देशी म्हणून मिरवते, आणि डांगी एका पिढीत निम्मी जाते. परिणाम होल्स्टिनसारखाच, फक्त त्यावर कुणी ओरडत नाही. गीरची लेक दोन-अडीच वर्षांनी माजावर येईल, तेव्हा तिला कोणता वळू, हे विचारल्यावर गेल्या महिन्यात एका गोठ्यात मला चहा मिळाला, उत्तर नाही.

जून २०२४ पासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री बंद आहे. त्या गोठ्यातल्या सातही गाईंच्या कानांत बारा आकडी पिवळे बिल्ले आहेत. आता प्रत्येक कांडीचा नंबर मोबाईलवर त्या बिल्ल्यापुढे चढतो, म्हणजे यंदाच्या कालवडीचा बाप निदान नोंदीत असेल. तिच्या आईचा बाप कोण, हे मालकाला विचारले. त्याने छपराकडे बोट दाखवले. पाचटात खोचलेल्या वीस-पंचवीस कांड्या धुराने काळ्या पडल्या होत्या.