‘कंटेम्प्ट टाकली’: एका इंग्रजी शब्दाची मराठवाड्यातली वाट

“पैसे देईनात, म्हणून वकिलानं कंटेम्प्ट टाकली.” पैठणकडच्या एका शेतकऱ्याचं हे वाक्य मी टपरीवर ऐकलं. भूसंपादनाचा वाढीव मोबदला, कोर्टानं दिलेली मुदत, ती उलटून गेलेली. गड्याला इंग्रजी येत नाही, पण हा शब्द पक्का. फक्त त्याच्या लेखी कंटेम्प्ट म्हणजे कोर्टात टाकायचा कागद, कोर्टाच्या अवमानाची याचिका.

शब्द मुळात भावनेचा. लॅटिनमध्ये ‘तेम्नेरे’ म्हणजे तुच्छ लेखणं. त्याला जोर द्यायला उपसर्ग लागला आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला. कोशात ‘तिरस्कार’ असा अर्थ सापडतो, पण तिरस्कारात चीड असते, किळस असते. कंटेम्प्ट थंड असतो. आपल्याकडचं ‘खिजगणतीत न धरणं’ त्याच्या जास्त जवळचं. खिडकीतून कागद सरकवावा आणि आतल्यानं मान वर न करता “उद्या या” म्हणावं, तो कंटेम्प्ट. त्याचेच भाऊबंद कंटेम्प्चुअस आणि कंटेम्प्टिबल: पहिला तुच्छ लेखणाऱ्याचा, दुसरा तुच्छ लेखण्याच्याच लायकीचा. स्पर्धा परीक्षेची पोरं इथं हमखास घसरतात.

ब्रिटिश हिंदुस्थानात न्यायालयाच्या अवमानाचा कायदा 1926 साली झाला. मराठवाडा तेव्हा निजामाकडे. तिथं 1884 पासून राज्यकारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली होती, त्यामुळं कोर्टाच्या उर्दूतला शब्द ‘तौहीन-ए-अदालत’. आमच्या आजोबांच्या लोखंडी पेटीत अजून उर्दू निकालपत्रं आहेत. घरात ती वाचणारं आता कुणी नाही. गंमत अशी की ‘तौहीन’चं अरबी मूळ दुबळं करण्याचं, पण उर्दूत त्याचा अर्थही हलकं लेखणं असाच झाला. मराठी ‘अवमान’ मात्र ज्याचा झाला त्याच्या बाजूनं बोलतो. करणाऱ्याच्या मनात काय होतं, ते त्यात उतरत नाही.

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान गेलं, 1952 चा कायदा आला, मग आजचा 1971 चा. मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ औरंगाबादला 27 ऑगस्ट 1981 पासून बसू लागलं. त्याआधी हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागे. शब्द वकिलांच्या तोंडून गावागावात गेला तो यानंतरच, असा माझा अंदाज. शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने साधी कैद, नाहीतर 2,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आदेश न पाळणं हा दिवाणी अवमान, पण तो जाणूनबुजून केलेला असावा लागतो. म्हणून साहेबांच्या शपथपत्रात ‘हेतुपुरस्सर नव्हे’ आणि ‘बिनशर्त माफी’ हे शब्द ठरलेले.

त्या शेतकऱ्याला मी मूळ अर्थ सांगितला. साहेबानं कोर्टाला मोजलं नाही, असा. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

“म्हंजे आधी माझी झाली की. सात वर्षं झाली.”