पार्श्वभूमी : ‘डार्क’ आल्बम आणि डीपीचा आवाज

‘यात काही वाजतच नाही’, ‘डीपी जळून रायल्यासारखं वाटते’ आणि ‘इतकं शांत मी आजवर काही ऐकलं नव्हतं’ ही तिन्ही मतं एकाच आल्बमबद्दलची. (डीपी म्हणजे गावचा विजेचा ट्रान्सफॉर्मर.) तिन्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी, मारेगाव, राळेगाव या पट्ट्यातल्या माणसांची. आल्बम १९९० चा, एका वेल्श संगीतकाराचा. चर्चखालची तळघरं, गुहा, खाणी, खोल भुयारं अशा जागांत मुद्रित केलेले आवाज आणि जोडीला भूकंप-ज्वालामुखीच्या जातीचा गडगडाट. ठेका नाही, शब्द नाहीत, तासभर नुसतं घुमणं. आमच्याकडे तो उशिरा पोचला आणि पोचला तोही आडवाटेनं. मतं इतकी फाटण्याचं मूळ बरंचसं त्या आडवाटेत आहे.

या संगीताची वंशावळ सांगताना सुरुवात पॅरिसपासून करतात. १९१७ च्या सुमारास तिथल्या एका संगीतकारानं खोलीतल्या खुर्ची-टेबलासारखं, मुद्दाम लक्ष न देण्याचं संगीत लिहिलं. १९२० मध्ये ते मध्यंतरात वाजलं तर लोक गप्पा सोडून ऐकायलाच बसले, आणि ‘बोलत राहा, ऐकू नका’ म्हणून बिचारा त्यांच्या मागे लागला. पुढचा थांबा १९७५. लंडनमध्ये अपघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या एका संगीतकाराकडे मैत्रिणीनं वीणेसारख्या वाद्याची जुनी रेकॉर्ड आणून दिली. ती गेल्यावर त्यानं कशीबशी लावली, तर आवाज फार लहान आणि दोनपैकी एक बाजू बंद. उठून ठीक करायची ताकद नव्हती. पावसाच्या आवाजात अर्धवट बुडालेलं ते संगीत तो तसंच ऐकत राहिला. १९७८ मध्ये विमानतळासाठी म्हणून काढलेल्या आल्बमवर त्यानं ‘अ‍ॅम्बियंट’, म्हणजे भोवतालचं, हा शब्द घातला. ही बंद बाजू लक्षात असू द्या, ती पुढे लागेल.

दुसरा धागा खर्जाचा. तो आपल्याला परका वाटायचं कारण नाही, कारण १९७० मध्ये किराणा घराण्याचा एक गायक न्यूयॉर्कला गेला आणि तिथल्या लांब-सुरांच्या प्रयोगवाल्यांनी तंबोऱ्यापुढे मांडी घातली. अशा संगीताला तिकडे ‘ड्रोन’ म्हणतात. आमच्याकडे ड्रोन म्हणजे लग्नाचं शूटिंग करणारा, नाहीतर कपाशीवर फवारणी मारणारा. त्यामुळे ‘ड्रोन संगीत’ म्हटलं की समोरचा आधी वर बघतो.

देशातही यंत्रं लवकर आली होती. अहमदाबादच्या एका डिझाइन शिक्षणसंस्थेत १९६९ मध्ये ‘मूग’ नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं यंत्र, बसला. १९८२ मध्ये मुंबईच्या एका वादकानं सिंथेसायझर आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. तो आल्बम तेव्हा पडला आणि २०१० मध्ये परदेशातून पुन्हा निघाल्यावर गाजला. पण यातलं काही विदर्भाच्या खेड्यात पोचलं नाही. इथं सिंथेसायझर आला तो झाडीपट्टीच्या नाटकातून. दिवाळी ते होळी गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागात गावोगाव, शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, झाला की रात्री नाटक, आणि स्टेजपुढे बसलेला ऑर्गनवाला. खालचे दोन सूर त्यानं दाबून धरले की पोरं सावरून बसायची, कारण आता खलनायक येणार. ब्रह्मपुरीकडच्या एका ऐकणाऱ्याची त्या आल्बमबद्दलची तक्रार इथूनच आली आहे: ‘तासभर झाला, एंट्री कवा होते?’ शहरातले लोक याला हसतात. मला ती या आल्बमची सगळ्यात नेमकी समीक्षा वाटते.

खरी गोष्ट मात्र सुरू होते मेमरी कार्डापासून. साधारण २००८ ते २०१६, म्हणजे स्वस्त चायना मोबाइल आल्यापासून ४जी येईपर्यंतचा काळ. तालुक्याच्या बाजारात जायचं, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर कार्ड द्यायचं आणि ‘भरून द्या’ म्हणायचं. काय भरायचं ते दुकानदारच ठरवायचा. लोकगीतं, भीमगीतं, राष्ट्रसंतांची भजनं, डीजे मिक्स असे कप्पे. त्यातल्याच एका दुकानात हा आल्बम मी पहिल्यांदा पाहिला. नाव नाही, चित्र नाही, एकच लांब फाइल, ६४ केबीपीएसवर दाबलेली. म्हणजे तासाभराचं संगीत २९ एमबीच्या आत. इतकं दाबलं की फुसफुस आणि खरखरीची जातच बदलते, ती पाणी ढवळल्यासारखी येऊ लागते. ‘पाण्याखालून घुमल्यासारखं लय भारी केलं त्यानं’ असं कौतुक मी तीन-चार जणांकडून ऐकलंय. ते श्रेय त्या वेल्श माणसाचं नाही, जागा वाचवणाऱ्या दुकानदाराचं आहे.

त्यातून फोनचा स्पीकर. नखाएवढ्या त्या स्पीकरमधून साधारण तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं बाहेर येत नाही, आणि या आल्बमचा जीव तर सगळा तळाशी. ज्यांनी तो फोन शर्टाच्या खिशात ठेवून ऐकला, त्यांचं ‘काही वाजतच नाही’ हे मत शंभर टक्के खरं आहे. त्यांच्यापुरतं काही वाजलंच नव्हतं.

दुकानदारानं फाइल कुठल्या कप्प्यात टाकली हा मात्र अजून न मिटलेला वाद आहे. ती होती ‘भूत’ नावाच्या फोल्डरमध्ये. शेजारी बायकांच्या किंचाळ्या, कुत्र्याचं रडणं, दाराची करकर. त्याचं म्हणणं सरळ होतं, मूळ फाइलच्या नावात ‘डार्क’ होतं. डार्क म्हणजे अंधार, अंधार म्हणजे भूत. या एका निर्णयानं पुढची पाच-सात वर्षं लोकांचे कान ठरवून टाकले. ज्यानं उघडलं त्यानं घाबरायच्या तयारीनं उघडलं. काही घाबरले, बाकीचे ‘भूत येतच नाही’ म्हणून चिडले. दुकानदाराची बाजू घेणारे म्हणतात, दुसरं कुठं टाकणार होता? भजनात? प्रश्न बिनतोड आहे, तरी निर्णय चुकलाच असं मी म्हणतो.

कारण ‘डार्क’ हा शब्द मुळातच गडबडीचा. ‘डार्क अ‍ॅम्बियंट’ ही जोडी रूढ झाली ती या आल्बमनंतर, नव्वदीच्या सुरुवातीला. स्वीडनच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकानं आपल्याच एका कलाकाराचं संगीत विकताना ती वापरली असं सांगितलं जातं. म्हणजे ती बरणीवरची चिठ्ठी. १९९३ मध्ये इंग्लंडच्या एका मासिकात याच्या जवळच्या संगीताला ‘आयसोलेशनिझम’, म्हणजे एकलकोंडेपणा, असंही नाव पडलं. ते फार चाललं नाही. टिकलं डार्क. तिकडे या शब्दामागे चर्च, थडगी, सहा महिन्यांचा हिवाळा असं सगळं उभं असतं.

मराठीत आणताना पुण्या-मुंबईच्या लिहिणाऱ्यांनी ‘काळोखी संगीत’ केलं. काळोख हा शब्द आमच्याकडे कविता पाठ करण्यापुरता. बोलण्यात तो नाही. आमच्याकडे अंधार पडतो, आणि त्याचा अर्थ ‘लाइन गेली’ असा होतो. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत जी पोरं वाढली त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. गावच्या टोकाला डीपी असते. वीज पन्नास हर्ट्झची, पण डीपीतला लोखंडी गाभा दर फेऱ्यात दोनदा ताणतो-सैलावतो, म्हणून डीपी घुमते शंभर हर्ट्झवर. आमच्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्यानं एकदा बसून तो सूर शोधला. पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे कुठंतरी सापडला, आणि ‘ह्या सुरात कोणी गाऊ शकत नाई’ म्हणून त्यानं भाता बंद केला. ते घुमणं चालू आहे तोवर लाइन आहे. मोटर चालणार, पंखा फिरणार, पोराचा अभ्यास होणार. घुमणं थांबलं की अंधार. आल्बमच्या मायदेशी जो आवाज अंधाराचा, तो आमच्याकडे उजेडाचा. एवढी साधी उलथापालथ त्या फोल्डरच्या नावात हरवली.

चंद्रपूरच्या एका भूमिगत खाणीतून निवृत्त झालेल्या काकांना मी हा आल्बम चांगल्या हेडफोनवर ऐकवला. खाणीतले आवाज म्हणजे घरचंच काम. त्यांनी डोळे मिटून दहाएक मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, ‘पंखा चालू हाये. मंग भेव कायचं?’ खाली हवा देणारा मोठा पंखा अखंड घुमतो; तो थांबला तर माणसांना बाहेर काढतात. भीती वेगळ्याच आवाजाची. छताला लोखंडी बार ठोकायचा. टणक वाजलं तर ठीक, पोकळ वाजलं तर सरकायचं. ‘ते यात कुठं नाई,’ म्हणाले. ज्यांची गावं उघड्या खाणीला लागून आहेत त्यांचं मत आणखी वेगळं. ब्लास्टिंगनं भिंतीला चीर पडलेल्या घरात बसून गडगडाटाचं संगीत ऐकायची हौस त्यांना नाही, आणि त्याला अरसिकपणा म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

२०१६ मध्ये ४जी आलं, फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पुण्याहून परतलेल्या पोरांनी हेडफोन आणले आणि तळातले सूर पहिल्यांदा गावात पोचले. आता हे संगीत ‘अभ्यासासाठी’, ‘झोपेसाठी’ अशा याद्यांतून येतं. वणीच्या अभ्यासिकांमध्ये पोलीस भरती आणि एमपीएससीची पोरं बाहेरचा डीजे ऐकू येऊ नये म्हणून ते लावून बसतात. आल्बम कोणाचा, त्यांना माहीत नाही; आवाज त्यांनी ऐकला आहे असंही म्हणता येत नाही. पॅरिसचा तो संगीतकार खूश झाला असता.

सगळ्यात मन लावून ऐकणारे मात्र जागलीवर भेटले. शेतीला थ्री फेज वीज अजूनही पाळीनं, आठवड्यातले काही दिवस रात्रीच. हरभऱ्याला ओलीत करायचं आणि रानडुकरांवर नजर ठेवायची, म्हणून माणूस शेतातल्या माळ्यावर बसतो. इयरफोनची एकच गोळी कानात. दुसरा कान डुकरांसाठी मोकळा. २०१८ मध्ये राळेगाव भागात वाघिणीची दहशत होती, तेव्हा तर तीही गोळी काढून ठेवायचे. अर्धा आल्बम, वर मोटरचा आवाज, ओल्या मातीवरून सरकणारं पाणी: १९७५ च्या त्या बंद बाजूच्या रेकॉर्डच्या इतक्या जवळ हेडफोनवाले कधी गेलेले नाहीत. ‘इतकं शांत’ हे मत याच माळ्यांवरचं.

त्यातल्याच एकानं गेल्या हंगामात वेगळा प्रयोग केला. डुकरं हाकलायला बॅटरीवर चालणारा, कार्डाचा भोंगा मिळतो. त्यात कुत्र्याचं भुंकणं रात्रभर वाजत राहतं. यानं कुत्रं काढून आल्बम भरला. भोंग्यातून खर्ज येतच नाही, नुसती खरखर आणि मधेच लोखंड घासल्यासारखं काहीतरी. दोन रात्री डुकरं फिरकली नाहीत. तिसऱ्या रात्री आली आणि थेट भोंग्याखालचा हरभरा खाऊन गेली. चौथ्या रात्री त्यानं कुत्रं परत लावलं.