पीफास आणि कोर्टाची लढाई: हे सगळं सुरू कुठून झालं

पीफासच्या (म्हणजे माणसाने बनवलेल्या, निसर्गात न तुटणाऱ्या केमिकल्सच्या एका गटाच्या) केसेसच्या बातम्या हल्ली सारख्या येतात, अब्जावधी डॉलरची सेटलमेंट झाली वगैरे, पण प्रकरण इथवर कसं आलं ते कळल्याशिवाय त्या आकड्यांचा काही बोध होत नाही, म्हणून जरा मागे जाऊन लिहितेय.

१९३८ मध्ये ड्यूपाँ या अमेरिकन केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये रॉय प्लंकेट या शास्त्रज्ञाला टेफ्लॉन (नॉनस्टिक तव्यावरचं ते) सापडलं. ते बनवताना पुढे पीएफओए नावाचं, पीफासपैकीच एक केमिकल लागायचं, कंपनीत त्याला सी८ म्हणायचे, आणि १९५१ पासून ते थ्रीएम या दुसऱ्या अमेरिकन कंपनीकडून विकत घेऊन वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गच्या कारखान्यात वापरलं जायचं. कार्बन-फ्लोरिनचा बाँड इतका चिवट की हे निसर्गात तुटतच नाही, आणि रक्तात गेलं की वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. १९८४ मध्ये ड्यूपाँने आसपासच्या गावांतलं नळाचं पाणी तपासलं, त्यात सी८ निघालं, पण पाणी पिणाऱ्यांना कोणी काही सांगितलं नाही. कायद्याचा तरी धाक असावा ना, तर तोही नव्हता! १९७६ चा केमिकल्सवरचा अमेरिकन कायदा आला तेव्हा बाजारात आधीपासून असलेली सुमारे ६०,००० केमिकल्स तपासणीशिवाय तशीच चालू ठेवली होती, आणि हे त्यातलंच एक.

मग एका शेतकऱ्याच्या गाई मरायला लागल्या. त्याच्या कुरणातून वाहणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला कंपनीचं लँडफिल, म्हणजे कचरा पुरायची जागा होती. ओढ्यावर फेस यायचा, गाईंचे दात काळे पडायचे, आणि हे सगळं तो स्वतः कॅमेऱ्यात शूट करून ठेवायचा कारण गावात कोणी वकील केस घ्यायला तयार नव्हता, अर्ध्या गावाची रोजीरोटी त्याच कंपनीवर. सरकारी खातं आणि कंपनी यांनी मिळून पशुवैद्यांची टीम नेमली आणि त्या टीमने रिपोर्ट काय दिला, तर जनावरांची निगा नीट राखली जात नाही! हा रिपोर्ट मला अजूनही चीड आणतो.

१९९८ मध्ये तो सिनसिनाटीचे वकील रॉब बिलॉट यांच्याकडे गेला, ज्यांची फर्म एरवी केमिकल कंपन्यांच्याच बाजूने काम करायची. कोर्टाच्या ऑर्डरने कंपनीला एक लाखाच्या वर पानं द्यावी लागली आणि ती एकेक वाचताना सी८ चा सगळा इतिहास बाहेर आला. २००१ मध्ये बिलॉट यांनी सरकारला पुराव्यांसकट पत्र धाडलं आणि पाणी पिणाऱ्या लोकांच्या वतीने क्लास अ‍ॅक्शन (सगळ्यांची मिळून एकच) केस टाकली. इथे वेस्ट व्हर्जिनियाच्या सुप्रीम कोर्टाचा १९९९ चा एक निकाल फार कामी आला: विषारी पदार्थाशी संपर्क आला असेल तर आजार व्हायची वाट न बघता तपासण्यांचा खर्च मागता येतो.

या केसच्या २००४ च्या सेटलमेंटमधली एक अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन्ही बाजूंनी मिळून तीन स्वतंत्र शास्त्रज्ञांचं पॅनल नेमायचं, पॅनलने ज्या आजाराशी संबंध दाखवला त्याबद्दल कंपनीने 'सी८ मुळे हे होतंच नाही' असं म्हणायचं नाही, आणि ज्याचा संबंध दिसला नाही त्यासाठी लोकांनी केस करायची नाही. रिस्क मोठी होती. पण सेटलमेंटच्या पैशातून प्रत्येकाला ४०० डॉलर दिले गेले आणि जवळपास ७०,००० लोकांनी रक्त तपासून घेतलं, आणि २०१२ पर्यंत किडनीचा आणि वृषणाचा कॅन्सर, थायरॉइड, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा आजार), वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातलं ब्लड प्रेशर अशा सहा आजारांशी संबंध निघाला. त्यानंतर साडेतीन हजारांवर लोकांच्या केसेस २०१७ मध्ये ६७.१ कोटी डॉलरला मिटल्या. मधल्या वर्षांत किती आजारी लोक नुसते वाट बघत होते याचा विचार करा.

फी देऊन अशी केस लढणं त्यातल्या कोणालाच परवडलं नसतं. जिंकलो तरच वकिलाचा हिस्सा, ही पद्धत होती म्हणून हे उभं राहिलं.

२०२३ मध्ये थ्रीएमने पाणीपुरवठा संस्थांना किमान १०.३ अब्ज डॉलर द्यायचं मान्य केलं, ते प्रामुख्याने पाणी शुद्ध करायला, आजारी माणसाच्या हातात त्यातलं काही येत नाही, त्यांच्या केसेस वेगळ्या. त्याच वर्षी स्वीडनच्या सुप्रीम कोर्टाने रोनेबी गावाच्या केसमध्ये रक्तात पीफासचं प्रमाण जास्त असणं हीच शारीरिक इजा आहे असा निकाल दिला, म्हणजे तिथे आधी आजार सिद्ध करत बसायची गरज उरली नाही.