पीएफची पेन्शन: 10 डी अर्ज कुठे अडतो आणि 58 च्या आधी काय तपासायचं

ईपीएस-95, म्हणजे पीएफबरोबर येणारी पेन्शन, आज सुमारे 80 लाख लोकांना मिळते. योजना 16 नोव्हेंबर 1995 पासून सुरू आहे, तरी 10 डी, म्हणजे पेन्शन मागण्याचा अर्ज, परत येण्याची कारणं जुनीच आहेत. अर्ज चुकीचा भरला म्हणून तो क्वचितच परत येतो. वीस वर्षांपूर्वीच्या नोकरीची नोंद जुळत नाही म्हणून येतो, आणि तोवर ती कंपनीच बंद पडलेली असते. म्हणून ही तपासणी 58 व्या वाढदिवसानंतर नको, 55 व्या वर्षीच करा.

पात्रता थोडक्यात अशी: किमान 10 वर्षांची पेन्शनपात्र सेवा आणि वयाची 58 वर्षं पूर्ण. सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे 9 वर्षं 6 महिने झाले तरी पेन्शन बसते. 9 वर्षं 5 महिने झाले तर बसत नाही. हा एक महिना अनेकांच्या हातून केवळ हिशेब न केल्यामुळे जातो.

ही 10 वर्षं एकाच कंपनीतली असायला हवीत असं नाही, पण ती जोडलेली असायला हवीत. दर नोकरी सोडताना पीएफ काढून घेतला आणि सोबत 10 सी अर्ज भरून पेन्शनचे पैसेही उचलले, तर ती सेवा कायमची पुसली जाते. चार कंपन्यांत मिळून सोळा वर्षं काम केलेल्या माणसाच्या खात्यावर सहाच वर्षं उरतात ती अशी. दहा वर्षांच्या आत नोकरी सुटली आणि पुढे पुन्हा नोकरी करायची असेल, तर 10 सी वरच 'स्कीम सर्टिफिकेट', म्हणजे सेवेच्या वर्षांचा दाखला, मागा. पैसे मिळत नाहीत, पण वर्षं शाबूत राहतात. हातात येणारी रक्कम तेव्हा मोठी वाटते. ती घेण्याआधी किती वर्षं पुसली जाणार ते एकदा मोजा.

ज्यांनी पीएफ ट्रान्सफर केला त्यांची वेगळी घाबरगुंडी असते: नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं. हे बरोबर आहे. ट्रान्सफरमध्ये पेन्शनचे पैसे हलत नाहीत, फक्त सेवेचा तपशील पुढे जातो. तो खरोखर गेला का, हे यूएएन (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) पोर्टलवरच्या 'सर्व्हिस हिस्टरी'त पाहा. तिथे प्रत्येक कंपनी, रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख दिसली पाहिजे. दोन यूएएन असतील तर आधी जुन्या यूएएनचं खातं चालू यूएएनमध्ये ट्रान्सफर करून घ्या.

सोडल्याची तारीख, म्हणजे एक्झिट डेट, हा सगळ्यात मोठा काटा. कंपनीने ती भरलेलीच नसते. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः आधार ओटीपीने भरू शकता. शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, त्याच महिन्यातली तारीख टाका. घाईत चुकीची टाकू नका, नंतर ती स्वतःहून बदलता येत नाही.

दुसरा काटा नावाचा. कंपनीच्या नोंदीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं. एकीकडे वडिलांचं नाव मधे, दुसरीकडे नवऱ्याचं. महिलांचे अर्ज यावरच सर्वाधिक अडतात आणि त्यात त्यांची चूक नसते. यूएएन 1 ऑक्टोबर 2017 किंवा नंतरचा असेल आणि आधार पडताळलेलं असेल, तर नाव आणि जन्मतारखेची दुरुस्ती ऑनलाइन स्वतः करता येते. त्याआधीचा यूएएन असेल तर जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे दुरुस्तीचा संयुक्त अर्ज, कंपनीमार्फत जातं. कंपनी बंद असेल तर कागदी अर्ज राजपत्रित अधिकारी, बँक मॅनेजर यांसारख्या अधिकृत व्यक्तीच्या सही-शिक्क्याने देता येतो. 'कंपनी नाही तर काही होत नाही' असं काउंटरवर सांगितलं, तर ते लेखी द्या म्हणा.

साखर कारखान्याच्या हंगामी कामगारांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवावी. हंगामी कामगाराने वर्षात काही महिनेच काम केलं, तरी योजनेच्या नियमात ते पूर्ण वर्ष धरायचं आहे. कारखान्याने नोंद 'हंगामी' अशी केलेली नसेल, तर मधले महिने विनावर्गणीचे दिवस म्हणून वजा होतात आणि दहा हंगाम केलेल्या माणसाची सेवा पाच वर्षांची दिसते. आपल्या नोंदीत विनावर्गणीचे दिवस किती लागले आहेत, ते कारखान्याच्या टाइम ऑफिसात विचारा.

1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हा पगार 15,000 च्या वर असलेल्या माणसाला ही पेन्शन लागू नाही. तरीही कित्येक कंपन्या दरमहा 1,250 रुपये पेन्शन खात्यात टाकत राहिल्या. अशांचा अर्ज शेवटी फेटाळला जातो. तीच गत 58 नंतरही पेन्शनची वर्गणी कापत राहिलेल्यांची. 58 पूर्ण झाल्यावर नोकरी सुरू असली तरी पेन्शनचा भाग थांबवून सगळी वर्गणी पीएफमध्ये गेली पाहिजे. ही दुरुस्ती कंपनीलाच करावी लागते, म्हणून पासबुक आजच उघडून पाहा.

रकमेबाबत गैरसमज नको. सूत्र असं: शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. पण सप्टेंबर 2014 पूर्वीच्या वर्षांना 6,500 ची मर्यादा लागते, नंतरच्यांना 15,000 ची. आधीची 8 आणि नंतरची 10 वर्षं असतील तर 743 अधिक 2,143, म्हणजे सुमारे 2,886 रुपये. सरसकट 15,000 धरून 3,857 मिळतील असं समजून बसलेले लोक पहिला हप्ता पाहून हादरतात. 20 वर्षं पूर्ण असतील तर दोन वर्षं वाढीव धरतात.

नोकरी सुटलेली असेल तर 50 पासून लवकर पेन्शन घेता येते, पण 58 ला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कापले जातात, आणि ही कपात आयुष्यभराची. 53 ला घेतली तर 20 टक्के गेले. अगदी नड असल्याशिवाय हे करू नका. उलट 60 पर्यंत थांबलं तर पेन्शन 8.16 टक्क्यांनी वाढते.

कागद फार नाहीत: आधार, बँक पासबुक किंवा नाव छापलेला रद्द चेक, पती-पत्नीचा एकत्र फोटो, असल्यास स्कीम सर्टिफिकेट. मुलं 25 च्या आतली असतील तर त्यांच्या जन्मतारखेचा पुरावा. सदस्य हयात नसेल तर जोडीदाराने मृत्यू दाखल्यासह हाच 10 डी भरायचा. एकत्र फोटो नाही म्हणून अर्ज पडून राहतात, तो आधी काढून ठेवा. बँक खातं कुठल्याही शाखेचं चालतं. जानेवारी 2025 पासून पेन्शन देशात कुठेही जमा होते, गावी परतलात म्हणून फाइल हलवावी लागत नाही. ऑनलाइन भरणार असाल तर ई-नॉमिनेशन (ऑनलाइन वारसनोंद) आधी पूर्ण करा.

पूर्ण अर्ज 20 दिवसांत निकाली काढायचा, नाहीतर त्रुटी लेखी कळवायची, असं योजनेतच लिहिलं आहे. विनाकारण उशीर झाल्यास 12 टक्के व्याजाची जबाबदारी पीएफ आयुक्तांवर येते. हे वाक्य तक्रारीत लिहा. तक्रार ईपीएफआयजीएमएस या पीएफच्या तक्रार पोर्टलवर करा आणि क्रमांक जपून ठेवा. दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर असतं, तिथे कागद घेऊन जाता येतं.

अर्ज उशिरा केला तरी पेन्शन 58 पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची धरतात, थकबाकी मिळते.

आणि हयातीचा दाखला: तो नोव्हेंबरमध्येच द्यायचा ही समजूत सरकारी पेन्शनरांकडून आली आहे. ईपीएसमध्ये तो वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून 12 महिने चालतो. मार्चमध्ये दिलात तर पुढच्या मार्चपर्यंत. नोव्हेंबरची वाट पाहत बसलेल्यांची पेन्शन एप्रिलमध्ये थांबते ती यामुळे. बोटांचे ठसे उमटत नसतील तर मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीने दाखला देता येतो. घरातल्या तरुणांनी म्हाताऱ्या माणसांसाठी एवढं करावं.