पीईटी प्लाझ्मिड वापरता? प्रोटीन येत नसेल तर आधी हे वाचा

प्रोजेक्टचे दिवस आले की सोलापूर, बार्शी, पंढरपूरच्या कॉलेजांतून सेल्स आणि आयपीटीजी पुरवणाऱ्या आम्हाला एकच तक्रार येते. "आयपीटीजी घातलं, रात्रभर शेकरवर ठेवलं, तरी जेलवर बँड नाही, म्हणजे प्रोटीन बनलंच नाही. तुमचं आयपीटीजी खराब दिसतंय." आयपीटीजी, म्हणजे जीन चालू करायला घालायचं रसायन, क्वचितच खराब निघतं. बहुतेक वेळा पीईटी प्लाझ्मिड (ई. कोलाय जिवाणूकडून हवं ते प्रोटीन बनवून घ्यायला त्यात घालायचं डीएनएचं कडं) डीएच५ अल्फा या क्लोनिंगच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायच्या, ई. कोलाय वाणातच राहिलेलं असतं.

पीईटीमध्ये तुमच्या जीनच्या आधी टी७ प्रमोटर (जीन कुठून वाचायचा ती खूण) असतो. टी७ हा ई. कोलायला ग्रासणारा फाज, म्हणजे जिवाणूंचा विषाणू. तो आत शिरला की त्याचे सुरुवातीचे जीन ई. कोलायचाच आरएनए पॉलिमरेज (जीन वाचून आरएनए बनवणारा एन्झाइम) वाचतो. त्यांतल्याच एका जीनपासून फाजचा स्वतःचा पॉलिमरेज तयार होतो आणि कारभार फिरतो. हा नवा पॉलिमरेज टी७चेच प्रमोटर ओळखतो आणि जिवाणूच्या पॉलिमरेजपेक्षा सुमारे पाचपट वेगाने आरएनए बनवतो. वर फाजचं आणखी एक प्रोटीन जिवाणूच्या पॉलिमरेजला गप्प बसवतं. (सगळेच फाज असे नसतात. टी४ स्वतःचा पॉलिमरेज बनवतच नाही, जिवाणूचाच वळवून घेतो.)

आता डीएच५ अल्फात टी७ पॉलिमरेजच नाही, तर टी७ प्रमोटर वाचणार कोण? आयपीटीजी कितीही ओता. १९८६ साली स्टडियर आणि मोफॅट यांनी लॅम्डा या दुसऱ्या फाजमार्फत टी७ पॉलिमरेजचा जीन बीएल२१ या ई. कोलाय वाणाच्या क्रोमोसोममध्ये बसवला, तोही आयपीटीजीने चालू होणाऱ्या प्रमोटरच्या ताब्यात. लेबलवरचं 'डीई३' म्हणजे हेच. म्हणून नुसतं 'बीएल२१' लिहिलेली ट्यूबही चालणार नाही. शेवटची तीन अक्षरं बघूनच ट्यूब उचला.

डीएच५ अल्फा वाईट नाही, क्लोनिंगला तोच घ्या. त्यातून मिनीप्रेप करा, म्हणजे प्लाझ्मिड वेगळं काढा, आणि मग ते डीई३मध्ये ट्रान्सफॉर्म करा, म्हणजे त्या पेशींत घाला. हा एक दिवस वाचवायला गेलात तर आठवडा जातो.

ऑर्डर घेताना आम्ही प्लाझ्मिडचं नाव विचारतो, ते काहींना नसती चौकशी वाटते. पण कॉम्पिटंट सेल्स (प्लाझ्मिड आत घेण्यासाठी तयार केलेल्या पेशी) एकदा वितळल्या की पुन्हा गोठवून पहिल्यासारख्या राहत नाहीत, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून दिलेली ट्यूब आम्ही परत घेत नाही. आधी विचारलेलं बरं.

डीई३ सेल्स आमच्याकडे तयार असतात. प्रोटीन जिवाणूलाच मारक असेल तर पीलायसएस हे जादा प्लाझ्मिड असलेल्या मागा. त्यातला टी७ लायसोझाइम आयपीटीजी घालण्याआधीच थोडाफार बनणारा टी७ पॉलिमरेज दाबून ठेवतो.

तरीही बँड नसेल तर जेलचा फोटो पाठवा, आयपीटीजी न घातलेल्या नमुन्याची लेन शेजारी हवीच.