वाळूनही न संपलेला रंग

वाद्याला ओरखडे पडू नयेत म्हणून बसवलेल्या पिकगार्डचा शेवटचा स्क्रू निघाला, गार्ड उचललं, आणि खाली निळा रंग दिसला. बाकीचा सगळा बेस, म्हणजे खालच्या सुरांची चार तारांची गिटार, हिरवा होता. तांब्याच्या जुन्या भांड्यावर चढतो तसा, किंचित राखाडी झाक असलेला हिरवा. गार्डखालचा तुकडा मात्र लख्ख निळा, त्यात चंदेरी चमक. दोन्हींच्या मधली हद्द पट्टी लावून आखल्यासारखी सरळ.

साठच्या दशकाच्या मध्यातला हा फेंडर जॅझ बेस मालकाने ‘हिरवा’ म्हणूनच विकत घेतला होता. निळ्याकडे बघत तो म्हणाला, “मग सगळाच असा करून देता येईल ना?” दुरुस्ती करणारे काका काही बोलले नाहीत. त्यांनी दिवा जवळ ओढला आणि भिंग मागितलं. मी नुसता बघायला बसलो होतो. त्या एका प्रश्नाच्या उत्तरात पुढची संध्याकाळ गेली, आणि त्यातलं बरंचसं उत्तर रसायनशास्त्राचं होतं.

इलेक्ट्रिक बेस हे तसं तरुण वाद्य. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस बाजारात आला १९५१ मध्ये, जॅझ बेस १९६० मध्ये. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या त्या कारखान्याने व्हायोलिनवाल्यांचं वॉर्निश घेतलं नाही, मोटारींचा रंग घेतला. निळ्याचं नाव ‘लेक प्लॅसिड ब्लू’, आणि तो कॅडिलॅक गाड्यांच्या रंगपत्रिकेतला. ‘फिएस्टा रेड’ फोर्डच्या थंडरबर्डवरचा. हे रंग ड्यूपाँ कंपनीचे, आणि त्यांच्या एका मालिकेचं नाव ‘ड्यूको’. फवाऱ्याने मारलेल्या कुठल्याही चकचकीत रंगाला मराठीत रंगारी आजही सरसकट ‘डुको’ म्हणतात, तो शब्द इथून आलाय.

ड्यूको १९२० च्या दशकात आला तेव्हा त्याचं अप्रूप वेगाचं होतं. त्याआधी गाडी रंगवून, वाळवून बाहेर पडायला आठवडे लागत. ड्यूकोचा हात काही मिनिटांत हाताला लागेनासा होई. कारण त्यात मुख्य पदार्थ नायट्रोसेल्युलोज. कापसाच्या सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की तो तयार होतो. १८४६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शोनबाइनने जगापुढे आणलेला गनकॉटन, म्हणजे तोफेत भरायचा कापूस, याचाच सख्खा भाऊ. फरक नायट्रोजनच्या प्रमाणाचा: स्फोटकात ते साधारण १३ टक्के, लॅकरमध्ये, म्हणजे अशा झटपट वाळणाऱ्या चकचकीत रंगात, १२ च्या आसपास किंवा कमी. तेवढ्या फरकाने एक उडतो आणि दुसरा थिनरमध्ये विरघळतो.

विरघळतो, हे महत्त्वाचं. लॅकर वाळतं म्हणजे फक्त त्यातला द्रावक उडून जातो. लांबलचक रेणू शेवयांच्या गुंत्यासारखे एकमेकांत अडकून मागे राहतात, पण एकमेकांना रासायनिक गाठ मारत नाहीत. इपॉक्सी किंवा पॉलिस्टर वाळतं तेव्हा रेणू-रेणूंत पक्के बंध तयार होतात आणि मग ते कशातच सहज विरघळत नाही. लॅकरचं तसं होत नाही. साठ वर्षांनीही थिनरचा थेंब पडला की ते पुन्हा मऊ. रबराच्या स्टँडवर जुना बेस महिनाभर टेकवून ठेवला तरी पुरतं: रबरातलं मऊपणा देणारं द्रव्य लॅकरमध्ये झिरपतं आणि टेकल्या जागी रंग चिकट होऊन उचकटतो. हे मी माझ्याच एका गिटारवर करून पाहिलंय, अर्थात ठरवून नाही.

दुसरी गोष्ट, हा रेणू मुळातच अस्थिर. प्रकाशातल्या अतिनील किरणांनी आणि उष्णतेने त्यावरचे नायट्रेट गट एकेक करून सुटतात. नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून आम्ल होतं, आणि ते आम्ल उरलेल्यांना सुटायला आणखी मदत करतं. फार सावकाश, पण न थांबता. हे होता होता लॅकर पिवळं पडतं. पिवळा थर निळा प्रकाश शोषून घेतो. पांढऱ्यावर असा थर आला की साय दिसते, म्हणून जुने ‘ऑलिम्पिक व्हाइट’ बेस लोण्याच्या रंगाचे. निळ्यावर आला की हिरवा.

इथे एक गंमत आहे. लेक प्लॅसिड ब्लू हा रंग स्वतः अ‍ॅक्रिलिक लॅकरचा होता, आणि अ‍ॅक्रिलिक इतकं पिवळं पडत नाही. पिवळा पडला तो चकाकीसाठी वरून मारलेला नायट्रोचा, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचा, पारदर्शक हात. ज्या बेसांवर हा हात दिलाच गेला नाही, ते आजही निळे राहिलेत. म्हणजे आमच्या समोरचा बेस हिरवा झालाच नव्हता. निळ्या बेसने पिवळा चष्मा घातला होता. गार्डखाली उजेड पोचला नाही, म्हणून तिथे चष्म्याच्या काचेला रंग चढला नाही.

मालकाचे डोळे चमकले. “मग वरचा थर तेवढा घासून काढला की झालं!”

झालं नसतं. नायट्रोचा सगळा थर मिळून केसाच्या जाडीच्या दोन-तीन पट असतो, आणि खालच्या निळ्यात अ‍ॅल्युमिनियमचे कण असतात. पॉलिश पेपर त्या कणांपर्यंत पोचला की चमक जाऊन डाग उरतो. लाकूड कधी पूर्ण सपाट नसतं, कडांवर रंग आधीच पातळ असतो. एका ठिकाणी पिवळं उतरेपर्यंत दुसऱ्या ठिकाणी लाकूड दिसायला लागतं.

भिंगातून मला दाखवल्या त्या भेगा. नुसत्या डोळ्यांना कोळिष्टकासारख्या वाटणाऱ्या; भिंगाखाली मात्र आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या, कडा किंचित वर वळलेल्या. लॅकरमध्ये लवचिकपणासाठी कापूर किंवा एरंडेलासारखी द्रव्यं घालतात. ती वर्षानुवर्षं उडून किंवा झिरपून जातात आणि थर ठिसूळ होतो. वर लाकडाचं आणि लॅकरचं जमत नाही. थंडीत लाकूड धाग्यांच्या दिशेने जेमतेम आकसतं, लॅकर त्याच्या दहापटीहून जास्त आकसू पाहतं. पण ते चिकटलेलं, जाणार कुठे? ताण वाढतो आणि एका रात्रीत तडा जातो. थंडीत प्रवास करून आलेली पेटी गरम खोलीत लगेच उघडू नये, असं जुने वादक सांगतात ते यासाठीच.

आता या रंगाची चांगली बाजू. कडेला एक टवका उडाला होता, मसुराच्या डाळीएवढा. काकांनी थोडं लॅकर घेतलं, पिवळ्या-तपकिरी डायचा अगदी थेंब घातला, आणि बारीक ब्रशच्या टोकावरून एक थेंब खड्ड्यात सोडला. तासाभराने तो थेंब बसला, खड्डा पुन्हा दिसू लागला, मग दुसरा थेंब. असे आठ-दहा थेंब लागतात आणि मध्ये दिवस जातात, कारण लॅकर वाळताना बरंचसं आकारमान गमावतं. पण नव्या थेंबातला थिनर जुन्या थराची कड विरघळवतो, जुने रेणू नव्यात मिसळतात, आणि जोड उरतच नाही. शेवटी महिनाभर थांबायचं, हजार-दीड हजार नंबरच्या पेपरने पाण्यात घासायचं, पॉलिश करायचं. पॉलिस्टरवर हे जमत नाही. तिथे नवा थर जुन्यावर नुसता बसतो आणि कड कायम दिसत राहते. फेंडरने १९६८ च्या सुमारास जाड पॉलिस्टरकडे मोर्चा वळवला. तो रंग सहसा भेगाळत नाही, आणि टवका उडाला की काचेसारखा उडतो.

पूर्ण बेस नव्याने रंगवायचा तर काम सरळ पण वेळखाऊ. अ‍ॅश लाकडाची छिद्रं मोठी, त्यात आधी लांबी भरावी लागते. आल्डरला फारशी लागत नाही. मग लाकूड बंद करणारा सीलर, मग रंग, मग पारदर्शक हात. दमट हवेत फवारणी केली तर थर दुधाळ होतो: थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर दव धरतं, आणि पाण्याच्या संपर्कात आलेलं नायट्रोसेल्युलोज पांढरं साकळतं. उपाय म्हणजे सावकाश उडणारा थिनर, किंवा कोरड्या दिवसाची वाट बघणं. पूर्वी कोणी सिलिकॉनवालं पॉलिश चोळलं असेल तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. धोका मात्र सगळ्यात जास्त जुना रंग काढण्यात. झटपट रंग सोडवणाऱ्या जुन्या मिश्रणांत डायक्लोरोमेथेन असे. ते श्वासातून शरीरात गेलं की त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो, आणि कोंदट जागेत त्याने माणसं दगावली आहेत. अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती वापरासाठी त्याची विक्री बंद केली. हीटगन लावायची तर आपण गनकॉटनच्या भावाला तापवतोय हे लक्षात ठेवावं. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासणं नकोच.

हे सगळं करावं का, हा प्रश्न उरतोच. बाजाराचा जुना ठोकताळा असा की मूळ रंग गेला की जुन्या फेंडरची किंमत साधारण निम्मी. त्यामुळे ‘मूळ’ म्हणून खपवलेला नवा रंग ओळखणं ही एक वेगळीच विद्या झाली आहे. काकांनी गार्डखाली एक बारीक छिद्र दाखवलं. कारखान्यात रंगवलेली बॉडी वाळायला ठेवताना खाली टेकू नये म्हणून साधारण १९६४ पर्यंत तीत लहान खिळे ठोकलेले असत. खिळे रंगाच्या आधी ठोकायचे आणि नंतर उपटायचे, त्यामुळे अस्सल बॉडीत या भोकांच्या आत रंग नसतो. आत रंग दिसला, किंवा भोकं बुजलेली असली, तर कोणीतरी नंतर हात मारलाय. नेक, म्हणजे वाद्याची मान, बसते त्या खाचेतही एक बिनरंगी पट्टा असतो. रंगवताना बॉडी धरायला तिथे काठी स्क्रूने लावलेली असे. या बेसमध्ये भोकं स्वच्छ होती आणि पट्टाही जागेवर होता.

मग आवाजाच्या नॉबखालचा पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा भाग. त्याच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. १३७ ने सुरुवात असेल तर सीटीएस कंपनी, ३०४ असेल तर स्टॅकपोल. पुढचे दोन आकडे वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. १३७६६२२ म्हणजे १९६६ चा बाविसावा आठवडा. पण यावरून वाद्य त्याआधीचं नाही एवढंच कळतं. १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतल्यावर पॉट इतके घाऊक घेतले गेले की १९६६ चे पॉट पुढची काही वर्षं पुरले. काका जुना डाख तसाच ठेवतात. डाखाची चमक, वायरचं कापडी आवरण, तिचा वाक हा सगळा पुरावा असतो, आणि डाख देण्याची तापलेली सळई एकदा टेकली की तो गेला.

पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत पकडणारे भाग, अजून जिवंत होते. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आणि १८३१ चा फॅराडेचा नियम, एवढंच ते यंत्र. ते मरतात बहुतेक गंजाने. लोखंडी अंश असलेला चुंबक फुगतो आणि शेजारची तार तोडतो.

नेकचं दुखणं वेगळं. चार तारांचा मिळून ताण साधारण ७५ ते ८० किलो, आणि तो दिवसरात्र. लाकूड अशा ओझ्याखाली वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जातं आणि तारा काढल्यावर पूर्ण सरळ होत नाही. आतला पोलादी ट्रस रॉड याच्या विरुद्ध ओढतो. जुन्या फेंडरमध्ये त्याचा नट नेकच्या बुडाशी असतो, म्हणून नेक सोडवायची, पाव वेढा फिरवायचा, पुन्हा बसवायची, तारा चढवायच्या, बघायचं. घाई केली तर रॉड तुटतो.

नायट्रो लॅकरमुळे लाकूड ‘श्वास घेतं’ आणि आवाज खुलतो, हे वाक्य त्या संध्याकाळी मालकाने दोनदा म्हटलं. मला ते पटत नाही. साठच्या दशकातल्या फेंडरवर लॅकरखाली बहुतेकदा कडक सीलरचा थर असे. श्वास तिथेच कोंडला. आणि भरीव बॉडीच्या बेसमध्ये पिकअपला कळते ती तारेची हालचाल. तारा नव्या की जुन्या, याने आवाजात जेवढा फरक पडतो, त्यापुढे रंगाचा फरक ऐकू येणं अवघड.

मूळ रूपाचं सोवळंही किती पाळायचं? बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६७ मध्ये आपला रिकनबॅकर बेस चित्रविचित्र रंगवला आणि पुढे तो घासून लाकडापर्यंत नेला. बेसवादक जॅको पास्टोरियसने १९६२ च्या जॅझ बेसचे पडदे उपटले, खाचा बुजवल्या, वर बोटींना लावायचं इपॉक्सी फासलं. कारण गुंडाळीच्या खरखरीत तारा उघडं रोझवूड खात होत्या. आज तो थर कोणी खरवडायचं म्हटलं तर लोक त्याला उभं करणार नाहीत.

बेस हिरवाच राहिला. टवका भरला, फ्रेटबोर्ड पुसला, ट्रस रॉडला पाव वेढा मिळाला. पिकगार्ड मात्र परत बसवलं नाही. कासवाच्या पाठीसारख्या नक्षीचं ते गार्ड सेल्युलॉइडचं होतं, म्हणजे पुन्हा नायट्रोसेल्युलोजच, कापूर घालून घट्ट केलेलं. ते आकसून स्क्रूच्या भोकांपाशी फाटलं होतं, आणि बंद पेटीत त्यातून निघालेल्या वाफांनी जवळचे स्क्रू हिरवे पडले होते. काकांनी ते कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात, झाकण किलकिलं ठेवून दिलं, आणि त्याच मापाचं नवं प्लॅस्टिकचं गार्ड कापलं.

बसवायच्या आधी मालकाने त्या निळ्या तुकड्याचा फोटो काढला. मग पहिला स्क्रू लागला.